माकड त्या वेळी काय करत होतं?

मेंदूविज्ञानाचे पेपर वाचायला लागलात की एक चित्र तुम्हाला सारखं भेटतं. करड्या रंगाचा मेंदू, त्यावर नारिंगी-पिवळे डाग आणि खाली एक ओळ : अमुक काम करताना हा भाग सक्रिय झाला. चित्र इतकं सरळ दिसतं की आपण फार विचार न करता पुढच्या पानावर जातो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी असं एक चित्र मी स्वतः तयार केलं आणि पुढचे तीन आठवडे त्या डागावर अगदी जीव जडवून बसले होते.

झालं असं, की माकडांच्या फंक्शनल एमआरआयचा डेटा मला विश्लेषणासाठी मिळाला होता. डेटा दुसऱ्या प्रयोगशाळेनं गोळा केलेला. स्कॅनरमध्ये बसलेलं माकड चित्र ओळखण्याचं काम करत होतं. आधी एक चित्र दिसणार, मग थोडा वेळ कोरा पडदा, मग दोन चित्रं शेजारी शेजारी. आधी पाहिलेल्या चित्राकडे नजर वळवली की बरोबर. काही फेऱ्या सोप्या होत्या, त्यात दोन्ही चित्रं एकदम वेगळी. काही अवघड, त्यात चित्रं जवळजवळ सारखी. मी दोन्हींची तुलना केली आणि मेंदूच्या खालच्या बाजूला, कानाच्या पुढे, एक ठसठशीत डाग मिळाला. सोप्या फेऱ्यांत तिथला सिग्नल जास्त होता. माझ्या डोक्यात गोष्ट लगेच तयार : माकडाला ओळख पटल्याची खात्री झाली की हा भाग जागा होतो. ‘खात्रीचा भाग’! मी तर पोस्टरचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं होतं.

माझ्या गाइड मॅडमनी चित्र बघितलं, ‘छान आलंय’ म्हणाल्या आणि विचारलं, “पण सोप्या फेऱ्यांत माकड आणखी काय करत होतं गं?”

मी म्हटलं, “चित्र ओळखत होतं.”

“ते झालंच. आणखी?”

मला उत्तर येईना. ते शोधायला दोन दिवस लागले आणि त्यात माझा डाग गेला. कसा गेला ते शेवटी सांगते, कारण ते समजायला हा सगळा प्रयोग कसा चालतो ते आधी समजायला हवं. तुमच्यापैकी जे पीएचडीच्या मुलाखतींची तयारी करताहेत, त्यांना मॅडमचा हा एक प्रश्न बरोबर न्यावा असं मला वाटतं.

माकडच का?

मराठीत आपण माकड आणि वानर वेगळे मानतो. लाल तोंडाचं ते माकड. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. या लेखातला प्राणी माकडच आहे. जगभरातल्या बहुतेक प्रयोगांत ते ऱ्हीसस जातीचं असतं, म्हणजे उत्तर भारतात गावोगावी दिसणारं. माथेरान-महाबळेश्वरला तुमच्या हातातली खाऊची पिशवी ओढतं ते बॉनेट माकड याच कुळातलं.

माणसाचा आणि या माकडाचा समान पूर्वज साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचा मेंदू ९० ग्रॅमच्या आसपास, आपला १३०० ते १४०० ग्रॅम. आकारात एवढा फरक असूनही पाहण्याची यंत्रणा बरीच मिळतीजुळती आहे : समोर बघणारे दोन डोळे, बारीक तपशील टिपणारा डोळ्यातला मध्यबिंदू आणि मेंदूत एकामागून एक येणारे दृष्टीचे टप्पे.

पण साम्य हे अर्धंच कारण झालं. माणसाला तुम्ही स्कॅनरमध्ये झोपवू शकता आणि मेंदूच्या कोणत्या भागात बदल झाला ते पाहू शकता. पण त्या भागातला एकेक न्यूरॉन काय करतोय ते पाहायला तिथे इलेक्ट्रोड घालावा लागतो. माणसात तशी संधी क्वचितच मिळते, बहुतेक वेळा अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांनी आधीच इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांमध्ये, आणि तेही उपचाराला गरज असेल त्याच जागी. उलट बाजूनं पाहिलं तर माकडांत इलेक्ट्रोडच्या नोंदी कित्येक दशकं चालू होत्या, पण इलेक्ट्रोड कुठे घालायचा हे बरंचसं अंदाजानं ठरायचं. माकडाला स्कॅनरमध्ये बसवलं की दोन्ही गोष्टी एकाच मेंदूत जमतात. आधी स्कॅनर जागा दाखवतो, मग इलेक्ट्रोड नेमका तिथे जातो. या सगळ्या खटाटोपामागचं खरं कारण हे आहे.

स्कॅनर काय मोजतो?

फंक्शनल एमआरआय न्यूरॉनची वीज मोजत नाही, हे पहिल्यांदा मनात पक्कं करा. तो रक्त मोजतो. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन देऊन रिकामं झालेलं हिमोग्लोबिन यांचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात. रिकामं हिमोग्लोबिन आसपासचं चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवतं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त येतं, रिकाम्या हिमोग्लोबिनचं प्रमाण घटतं आणि सिग्नल थोडा वाढतो. सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली उंदरांच्या मेंदूत हा परिणाम दाखवला. आज आपण त्याला बोल्ड सिग्नल म्हणतो.

यातून दोन मर्यादा येतात आणि दोन्ही पुढे उपयोगी पडणार आहेत.

पहिली वेळेची. न्यूरॉनचं काम मिलिसेकंदांत होतं. रक्ताचा प्रतिसाद मात्र रेंगाळत येतो, शिखर गाठायला त्याला साधारण चार ते सहा सेकंद लागतात. म्हणजे चित्र दाखवल्याक्षणीच सिग्नल उसळला, तर खूश होऊ नका, शंका घ्या.

दुसरी जागेची. स्कॅनर मेंदूचे छोटे छोटे ठोकळे मोजतो, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. माणसात तीन मिलिमीटर बाजूचा व्हॉक्सेल नेहमीचा, म्हणजे २७ घन मिलिमीटर. माकडात सव्वा मिलिमीटरपर्यंत जाता येतं, म्हणजे सुमारे दोन घन मिलिमीटर. ऐकायला बारीक वाटतं, पण माकडाच्या कॉर्टेक्सच्या एका घन मिलिमीटरमध्ये न्यूरॉन लाखाच्या घरात असतात. अख्ख्या गर्दीची सरासरी तुमच्या हाती येते. त्यातला कोण बोलतोय आणि कोण गप्प आहे ते कळत नाही.

मग रक्ताचा हा सिग्नल न्यूरॉनच्या कामाशी खरोखर बांधलेला आहे का? जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये निकोस लोगोथेटिस यांच्या गटानं २००१ साली याचा थेट तपास केला. भूल दिलेल्या माकडांच्या दृष्टी-कॉर्टेक्समध्ये इलेक्ट्रोड ठेवून त्यांनी स्कॅन आणि विजेची नोंद एकाच वेळी घेतली. स्कॅनरच्या प्रचंड चुंबकीय गोंगाटात मायक्रोव्होल्टमधली वीज मोजणं हेच मुळात मोठं काम होतं. रक्ताचा सिग्नल सगळ्यांत चांगला जुळला तो त्या जागी येणाऱ्या आणि तिथल्या तिथे फिरणाऱ्या मंद विद्युत-हालचालींशी. न्यूरॉननी बाहेर पाठवलेल्या ठोक्यांशी त्यामानानं कमी. म्हणून ‘हा भाग सक्रिय झाला’ याचा अर्थ ‘इथून जोरात संदेश बाहेर गेले’ असाच घ्यायचा नसतो. ‘इथे बरीच माहिती आली, तिच्यावर काम चाललं’ हा अर्थ जास्त सुरक्षित.

माकड स्कॅनरमध्ये बसतं कसं?

भूल दिलेलं माकड हलत नाही, पण कामही करत नाही. निर्णय घेणं, लक्ष देणं, लक्षात ठेवणं हे पाहायचं तर ते जागंच हवं. आणि माथेरानचं माकड डोळ्यांसमोर आणा : ते दोन सेकंद तरी स्थिर बसतं का?

म्हणून तयारीला महिनोन् महिने जातात. माकडाला प्लॅस्टिकच्या खास खुर्चीची सवय करतात. स्कॅनरची नळी आडवी असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी ते पुढचे हात टेकून, इजिप्तमधल्या स्फिंक्ससारखं बसतं. भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेत डोक्याच्या कवटीवर एक खुंटी बसवलेली असते, त्यानं डोकं स्थिर राहतं. तिथे चुंबकाला चालणारं साहित्यच वापरावं लागतं. स्कॅनरचा आवाज शंभर डेसिबलच्याही वर जातो, म्हणून आधी खोट्या स्कॅनरमध्ये, ध्वनिमुद्रित आवाज लावून, सराव होतो. आवाज हळूहळू वाढवतात. कानांना संरक्षण देतात.

बक्षीस म्हणजे रसाचे किंवा पाण्याचे थेंब, तोंडापाशी ठेवलेल्या नळीतून. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी : थेंबासाठी माकडानं काम करावं म्हणून एरवीच्या पाण्यावर नियंत्रण ठेवलेलं असतं. दिवसातलं बरंचसं पाणी ते काम करून मिळवतं. वजन आणि तब्येत रोज नोंदवली जाते, पण नियंत्रण हे नियंत्रणच.

पहिला धडा असतो पडद्यावरच्या ठिपक्याकडे टक लावून बघण्याचा. इन्फ्रारेड कॅमेरा डोळ्यावर रोखलेला असतो. नजर ठरलेल्या छोट्या चौकटीत राहिली तर थेंब मिळतो, बाहेर गेली तर नाही. हे कंटाळवाणं वाटेल, पण याशिवाय दृष्टीचा प्रयोग होतच नाही. नजर फिरली की डोळ्याच्या पडद्यावरचं सगळं चित्र सरकतं, आणि मग मेंदूतला बदल चित्रामुळे झाला की नजर फिरल्यामुळे हे सांगता येत नाही.

बोल्ड सिग्नलमधला बदल मुळात एक-दोन टक्क्यांचा. त्यामुळे अनेक प्रयोगशाळा माकडाच्या रक्तात लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सोडतात. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या गटानं २००१ मध्ये जाग्या, काम करणाऱ्या माकडांत ही पद्धत वापरून दाखवली. सिग्नल बराच स्पष्ट होतो, पण उलटा! भाग कामाला लागला की रक्त वाढतं, त्याबरोबर कण वाढतात आणि सिग्नल खाली जातो. पेपरमध्ये बहुतेक वेळा आलेख उलटा करून छापतात. मी पहिल्यांदा असा कच्चा डेटा उघडला तेव्हा अर्धा दिवस माझ्याच कोडमध्ये चूक शोधत बसले होते.

प्रयोग तुलनेत असतो

स्कॅनरमधला आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो. समजा, ३० सेकंद चेहऱ्यांची चित्रं दाखवली, ३० सेकंद वस्तूंची, ३० सेकंद नुसत्या विस्कटलेल्या चित्रांची, आणि हे चक्र पुन्हा पुन्हा फिरवलं. चेहरे वजा विस्कटलेली चित्रं केलं तर भला मोठा डाग येईल, कारण दोन्हींत शंभर गोष्टी वेगळ्या आहेत : आकार आहे-नाही, ओळखता येतं-येत नाही. चेहरे वजा फळं केलं तर डाग आकसेल, पण त्याचा अर्थ जास्त नेमका होईल.

आणि चित्रांइतकंच महत्त्वाचं माकडाचं वर्तन. विस्कटलेली चित्रं बघून माकडाला झापड आली तर? मग चेहरे वजा विस्कटलेली चित्रं या गणितात ‘जागं वजा पेंगुळलेलं’ हेही मिसळतं. चेहऱ्यांकडे बघताना ते टक लावून बसलं आणि फळं दिसली की इकडेतिकडे बघायला लागलं, तर नजरेची हालचालही मिसळली. म्हणून चांगल्या पेपरमध्ये प्रत्येक प्रकारच्या चित्रांसाठी नजर किती टक्के वेळ चौकटीत होती हे दिलेलं असतं. विद्यार्थी म्हणून आपण तो परिच्छेद हमखास गाळतो. गाळू नका.

चेहऱ्यांची गोष्ट

जागा, न्यूरॉन आणि वर्तन हे तिन्ही धागे जुळले की काय होतं, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यांत सुंदर उदाहरण चेहऱ्यांचं आहे.

चार्ल्स ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये माकडाच्या मेंदूच्या खालच्या-बाजूच्या भागात हाताच्या आकृतीला प्रतिसाद देणाऱ्या न्यूरॉनचं वर्णन केलं. पुढे तिथेच चेहऱ्यांना प्रतिसाद देणारे न्यूरॉनही सापडले, पण विखुरलेले. इलेक्ट्रोड टाकला तर एखादा मिळायचा, नाही तर नाही. १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर यांच्या गटानं माणसांत फंक्शनल एमआरआयनं चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देणारा एक ठरावीक भाग दाखवला. यावर वाद झाला : हा भाग खरोखर चेहऱ्यांसाठीचा, की सगळ्यांचाच वाटा असलेल्या मोठ्या जाळ्याचा जरा उजळ कोपरा? नुसत्या स्कॅनवरून हा वाद मिटणं कठीण, कारण स्कॅनर सरासरी देतो. शंभरातले दहा न्यूरॉन फक्त चेहऱ्यांवर जोरात बोलले, किंवा शंभरच्या शंभर थोडं थोडं बोलले, सरासरी सारखीच येऊ शकते.

डोरिस त्साओ, विनरिख फ्रायवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जाग्या माकडांना स्कॅन करून चेहऱ्यांना प्रतिसाद देणारे ठिपके शोधले. मग २००६ मध्ये दोन माकडांत सगळ्यांत मोठ्या ठिपक्यात नेमका इलेक्ट्रोड घातला. चित्रं चेहऱ्यांची, शरीरांची, फळांची, अवजारांची, हातांची आणि विस्कटलेली. तिथले जे न्यूरॉन चित्रांना प्रतिसाद देत होते, त्यातले ९७ टक्के चेहऱ्यांसाठीच ठळकपणे निवडक निघाले. त्यातले काही सफरचंद आणि घड्याळ यांसारख्या गोल वस्तूंनाही थोडी दाद देत होते, ही त्यातली गमतीची गोष्ट. इतकी वर्षं विखुरलेले वाटणारे न्यूरॉन इथे जवळजवळ एकाच वस्तीत होते. नकाशा नव्हता म्हणून ती वस्ती सापडत नव्हती.

२००८ मध्ये मोलर, फ्रायवाल्ड आणि त्साओ यांनी पुढचं पाऊल टाकलं. माकड स्कॅनरमध्ये असतानाच एका ठिपक्याला इलेक्ट्रोडनं हलका विजेचा झटका दिला आणि आणखी कुठे सिग्नल वाढतो ते पाहिलं. उजळले ते प्रामुख्यानं चेहऱ्यांचे इतर ठिपके. म्हणजे हे ठिपके एकमेकांना जोडलेले आहेत.

यानंतरचा प्रश्न : हे ठिपके जन्मजात असतात का? मार्गारेट लिव्हिंगस्टन यांच्या प्रयोगशाळेनं २०१७ मध्ये याचं उत्तर छापलं. काही माकडांची पिल्लं चेहरा अजिबात न दिसता वाढवली गेली. सांभाळणारी माणसं वेल्डिंगचे मुखवटे घालून त्यांच्याकडे जात. त्या माकडांत चेहऱ्यांचे ठिपके तयार झाले नाहीत. हातांसाठीचे मात्र झाले, कारण सांभाळणाऱ्यांचे हात त्यांना रोज दिसत होते. ‘चेहऱ्याचा भाग’ बनायला चेहरे दिसावे लागतात, हे माणसाच्या बाळावर कुणीही तपासू शकलं नसतं.

हा पेपर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा निष्कर्षानं थक्क झाले आणि पद्धतीचा भाग वाचून बराच वेळ अस्वस्थ बसले. दोन्ही भावना खऱ्या होत्या. त्याकडे थोड्या वेळानं येते.

माझ्या डागाचं काय झालं

आता मॅडमच्या प्रश्नाकडे. सोप्या फेऱ्यांत माकड आणखी काय करत होतं?

मी वर्तनाची फाइल उघडली. तोवर ती उघडायची गरजच मला वाटली नव्हती, हे कबूल करते. सोप्या फेऱ्यांत माकडाची उत्तरं अर्थातच जास्त वेळा बरोबर होती. बरोबर उत्तराला रस. म्हणजे सोप्या फेऱ्यांत रसाचे थेंब जास्त. रस आला की माकड चाटतं, गिळतं, जबडा हलवतं. आणि माकडाच्या जबड्याचे स्नायू चांगले जाडजूड, कवटीच्या बाजूनं वर चढलेले. माझा डाग त्यांच्या शेजारीच!

डोकं खुंटीनं स्थिर असलं तरी जबडा, जीभ आणि शरीर स्थिर नसतं. ते हललं की डोक्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र किंचित बदलतं आणि प्रतिमा विकृत होते. मेंदू जागच्या जागी असूनही सिग्नल बदलतो. माकडांच्या स्कॅनिंगमधली ही जुनी, सगळ्यांना माहीत असलेली डोकेदुखी आहे. मला ती वाचून माहीत होती. माझ्याच डेटात असेल हे सुचलं नव्हतं.

पण ‘असू शकेल’ म्हणून भागत नाही, तपासायला हवं. मी तीन गोष्टी केल्या.

एक, डागाच्या आतल्या व्हॉक्सेलचा कच्चा सिग्नल घेतला आणि रसाच्या प्रत्येक थेंबाभोवती तो कसा बदलतो ते मांडलं. रक्ताचा प्रतिसाद असता तर चार-सहा सेकंदांनी टेकडीसारखा चढ दिसला असता. माझा सिग्नल ज्या दोन सेकंदांच्या प्रतिमेत थेंब पडला, त्याच प्रतिमेत उडी मारत होता आणि लगेच खाली येत होता. रक्त इतकं चपळ नसतं.

दोन, मेंदूच्या बाहेर, स्नायूच्या जागी, तीच तुलना केली. तिथे डाग आणखी ठळक. स्नायूला चित्र ओळखण्याची खात्री कशी वाटेल?

तीन, अवघड फेऱ्यांतली फक्त बरोबर उत्तरं आणि सोप्या फेऱ्यांतली तितकीच बरोबर उत्तरं घेतली, म्हणजे दोन्हीकडे रस सारखा. डाग गायब.

मॅडमना तिन्ही आलेख दाखवले. त्या म्हणाल्या, “आता कळला ना डेटा?” पोस्टर झालं नाही. त्या दिवशी मी मेसवर जेवायलाही गेले नाही. पण हेच चित्र छापून आलं असतं आणि कुणी दुसऱ्यानं त्या जागी इलेक्ट्रोड घालायचं ठरवलं असतं तर? माझ्या निष्काळजीपणाची किंमत एखाद्या माकडानं शस्त्रक्रिया सोसून मोजली असती. हा विचार मनातून अजून जात नाही.

दोनच माकडं?

हे पेपर वाचताना तुम्हाला नक्की खटकेल : बहुतेक प्रयोगांत दोन किंवा तीनच माकडं असतात. माणसांच्या स्कॅनिंगमध्ये दोन जणांवर पेपर पाठवला तर परत येईल. इथे का चालतं?

कारण तर्काची रचना वेगळी आहे. प्रत्येक माकडाकडून हजारो फेऱ्यांचा डेटा मिळतो, त्यामुळे एका माकडात परिणाम आहे की नाही हे खूप पक्कं सांगता येतं. दुसरं माकड म्हणजे त्याच प्रयोगाची पुनरावृत्ती. म्हणून निकाल दोन्ही माकडांचे वेगवेगळे छापतात, सरासरी करून नाही. एका माकडात दिसलं आणि दुसऱ्यात नाही, तर लेखकांनी ते सांगायलाच हवं. पण यातून ‘या जातीच्या अमुक टक्के माकडांत असं असतं’ असा दावा करता येत नाही. ‘मेंदू असा काम करू शकतो’ इतकाच दावा होतो.

दुसरं कारण नैतिक. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं आजही पायाभूत मानली जातात : पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, वापरलेच तर कमीत कमी वापरा, आणि त्यांचा त्रास कमीत कमी ठेवा. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे. माकडांसारख्या मोठ्या प्राण्यांसाठी संस्थेच्या नैतिक समितीबरोबरच या केंद्रीय समितीचीही परवानगी लागते. एके काळी भारतातून ऱ्हीसस माकडं मोठ्या संख्येनं परदेशी प्रयोगशाळांत जात. ती निर्यात १९७८ मध्ये बंद झाली. आज देशात मोजक्याच ठिकाणी माकडांच्या मेंदूवर काम चालतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बॉनेट माकडं वर्तनाची कामं करतात आणि त्यांच्या मेंदूच्या नोंदी घेतल्या जातात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातही माकडांवर संशोधन झालं आहे.

तुम्ही अशा प्रयोगशाळेत अर्ज करणार असाल तर आधीच स्वतःला विचारा : रोज सकाळी त्या खोलीत जाऊन, नाव असलेल्या, तुम्हाला ओळखणाऱ्या प्राण्याबरोबर काम करणं मला जमेल का? ‘नाही’ हे उत्तर कमीपणाचं नाही. माणसांचं स्कॅनिंग, संगणकीय मॉडेल, आधीच गोळा झालेल्या डेटाचं विश्लेषण, असे रस्ते आहेत. उत्तर ‘हो’ असेल, तर मग चुकीचा प्रयोग आखणं हा नुसता अभ्यासातला दोष उरत नाही. ज्या प्रयोगातून उत्तर निघणारच नाही, त्यासाठी प्राण्याला बसवणं चूक आहे. चांगला कंट्रोल आखणं हासुद्धा प्राण्याला दिलेला न्याय आहे, असं मला आता वाटतं.

पुढचा पेपर वाचताना

जर्नल क्लबसाठी माकडांच्या स्कॅनिंगचा पेपर हाती आला तर रंगीत चित्र थोडं बाजूला ठेवा आणि पद्धतीच्या भागात एवढं शोधा :

१. माकड जागं होतं की भुलेत? जागं असेल तर नेमकं काय काम करत होतं?

२. डाग कशातून काय वजा करून आला? त्या दोन परिस्थितींत आणखी काय काय वेगळं होतं?

३. दोन्हींत नजर सारखीच स्थिर होती का? बरोबर उत्तरांचं प्रमाण आणि बक्षीस सारखं होतं का? नसेल तर लेखकांनी त्याचं काय केलं?

४. सिग्नलचा वेळेनुसार आलेख दिला आहे का? तो रक्तासारखा रेंगाळतो का? लोहकण वापरले असतील तर दिशा उलटी केली आहे का?

५. प्रत्येक माकडाचा निकाल वेगळा दिला आहे का?

६. दावा ‘कुठे’ इतकाच आहे, की ‘कसं’ आणि ‘का’ यावरही आहे? ‘कसं’साठी इलेक्ट्रोडची नोंद आणि ‘का’साठी मेंदूत ढवळाढवळ करणारा प्रयोग आहे का?

सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका पेपरमध्ये मिळतील असं नाही. चेहऱ्यांच्या बाबतीतसुद्धा १९७२ पासून २०१७ पर्यंत अनेक प्रयोगशाळांना ती तुकड्यातुकड्यानं मिळत गेली. पण कोणता तुकडा आपल्या हातात आहे हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

माझा तो डाग अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. नवीन डेटा आला की आता मी आधी वर्तनाची फाइल उघडते, मेंदूची नंतर.